कडेच्या रेषेवरची सुमित्रा

सुमित्रा देवतळेला टेनिस खेळता येत नव्हतं. आयुष्यात तिने रॅकेट धरली ती एकदाच, कुणी बाई बुटाची नाडी बांधायला वाकली होती म्हणून. पण आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत नजरेची गोष्ट निघाली की तिचंच नाव पुढे यायचं. मटार घ्यायला शेजारणी तिला सोबत न्यायच्या. किडकी शेंग ती न उघडता बाजूला टाकायची. मंत्रालयात ती अप्पर डिव्हिजन क्लार्क. चाळीस पानी फाइलीत एखादी तारीख चुकलेली असली तर पान उलटता उलटताच तिला टोचायची.

नऊ वर्षांपूर्वी क्वार्टरांपलीकडच्या कोर्टांवर बायकांची एक स्पर्धा भरली आणि रेषांवर बसायला माणसं कमी पडली. ऑफिसात परिपत्रक फिरलं: विशेष रजा, दुपारी जेवणाचं पाकीट. सुमित्रा रजेच्या लोभाने गेली आणि तिथेच रुतली. काम सोपं. कोर्टाच्या टोकाला बसून आपल्या रेषेवर नजर ठेवायची. चेंडू बाहेर पडला की हात आडवा करून ओरडायचं, "आउट!" आत पडला तर तळवे जमिनीकडे. मध्ये काही आलं आणि दिसलंच नाही, तर दोन्ही हात डोळ्यांपुढे धरायचे. मग उंच खुर्चीवरचा पंच काय ते ठरवतो.

ही तिसरी खूण सुमित्राने नऊ वर्षांत एकदाही केली नव्हती.

घराघरात केबल आली होती, गुडगावच्या मोहरीच्या शेतांत फ्लॅटांचे बोर्ड उगवले होते, त्या सुमाराची गोष्ट. जगभर फिरणारा बायकांच्या टेनिसचा मोठा मोसम त्या फेब्रुवारीत आठवडाभर दिल्लीत उतरला. रेषांवरच्या बायकांच्या साड्या गेल्या, खाकी पँटी आल्या, टोप्यांवर परदेशी कंपनीचं नाव आलं. आणि बातमी आली की दिल्लीतल्या रेषापंचांपैकी एकीला पुढच्या मोसमात बँकॉक, सिंगापूर, तोक्योच्या स्पर्धांना नेणार आहेत. सुमित्राला त्रेचाळिसावं लागलेलं. वर्धा आणि दिल्ली सोडून तिने तिसरं गाव धड पाहिलं नव्हतं. तिने गुपचूप पासपोर्ट काढला आणि चादरींच्या घडीत ठेवला. तो गुणवंताला, म्हणजे नवऱ्याला, सापडलाच.

"तोक्योत खाशील काय? मेथी नाही मिळत तिथे."

"तुमच्या हातची खिचडी तरी चुकेल," सुमित्रा म्हणाली.

उपांत्य सामना शनिवारी दुपारी होता. सुमित्रा उजव्या कडेच्या रेषेवर. तिसरा सेट, शेवटाकडे आलेला. तिच्या बाजूची खेळाडू, एकोणीस वर्षांची लांब वेणीची पोर, धावत कोपऱ्यात आली आणि तिने कडेच्या रेषेला धरून चेंडू हाणला. तिची पाठ बरोबर सुमित्राच्या डोळ्यांपुढे. पलीकडे चेंडू पडल्याचा आवाज तेवढा आला.

वरच्या पंचाने मान वळवून सुमित्राकडे पाहिलं.

बावीस वर्षं ऑफिसात साहेबाने अशीच मान वळवली होती. फाइल वर पाठवायची तर मत लिहून. कोरी नोट पाठवणारा क्लार्क म्हणजे बिनकामाचा. सुमित्राचा हात आडवा झाला. "आउट!"

पोरीने वळून पाहिलं. पुढच्या दोन गुणांत सामना हरली.

क्वार्टरांत रात्रीच्या जेवणाआधीच शाबासकी सुरू झाली. "क्या आँख है वहिनी!" खालचे चौधरी जिन्यातून ओरडले. गुणवंताचे वडील भाऊसाहेब हिवाळ्यापुरते वर्ध्याहून आले होते. सामना त्यांनी टीव्हीला नाक लावून पाहिला होता. ताटावर बसल्यावर त्यांनी हळूच काढलं,

"सूनबाई, त्या पोरीची पाठ आडवी आली होती ना वो? तुले दिसलं कसं?"

"अंदाज असतो, मामाजी."

"असते ना. म्या तीस वर्सं तलाठकी केली. वावरात पाय न ठेवता चावडीवर बसून पीकपाहणी लेहली. कपाशी लेहली का बहुतेकदा कपाशीच निघे." भाऊसाहेबांनी भाकरी मोडली. "येका साली गिरिजाबाईच्या वावरात तूर लेहली. वावर पडीक होतं. दुष्काळाची मदत आली अन् तिले भेटली नाही. कागदावर तूर हुभी होती ना."

"मग?"

"मंग काय. भाजी वाढ."

रविवारी अंतिम सामना. तीच खुर्ची, तीच रेषा. दुसऱ्या सेटमध्ये खेळाडू तशीच कोपऱ्यात आली, तशीच पाठ आडवी झाली, तसाच चेंडू गेला. पंचाने मान वळवली. सुमित्राने दोन्ही हात उचलले आणि डोळ्यांपुढे धरले.

पंचालाही दिसलं नव्हतं. गुण पुन्हा खेळवला. गर्दीतून शिट्ट्या आल्या. "आंटी, चश्मा लगाओ!"

सामन्यानंतर मिसेस सूद यांनी तिला तंबूत बोलावलं. रेषांवरच्या सगळ्या बायका त्यांच्या हाताखाली. बाजूला निवड करणारा परदेशी रेफरी कागद घेऊन बसला होता. तो दोनच वाक्यं बोलला. मिसेस सूदनी ती हिंदीत आणली.

"ये पूछ रहे हैं, आज उसी जगह से नहीं दिखा, तो कल कैसे दिखा?"

बाहेर खुर्च्यांची आवराआवर चालली होती. सुमित्राने टोपी काढली.

"कल भी नहीं दिखा था, मॅडम."

रेफरीने काहीतरी लिहिलं. बाहेर आल्यावर मिसेस सूदनी तिचा दंड धरला. "पागल हो? बोल देतीं कि दिख गया था! आज के हाथों के तो वो अच्छे नंबर दे रहा था."

"तो कल के?"

मिसेस सूदनी दंड सोडला.

परदेशी जाणाऱ्यांच्या यादीत क्षिप्रा मजुमदारचं नाव आलं. चित्तरंजन पार्कची, सव्वीस वर्षांची, नजरेने बरी. सुमित्राने तिला कापडी टोपी दिली. कंपनीची टोपी उन्हात डोकं तापवते, हे तिला नऊ वर्षांत कळलं होतं. मंगळवारी ती ऑफिसला गेली. पासपोर्ट चादरींच्या घडीतून काढून रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवला, म्हणजे निदान सापडेल.

पुढच्या हिवाळ्यात भाऊसाहेब पुन्हा आले. केबलवर तोक्योची स्पर्धा लागली होती आणि पडद्याच्या कडेला क्षणभर क्षिप्रा दिसली.

"हे तुह्या जागेवर बसली ते पोरगी?"

"हो, मामाजी."

म्हाताऱ्याने खुर्ची टीव्हीच्या आणखी जवळ ओढली. "मध्ये पाठ आली का सांग मले. पाहू, डोये झाकते का."

सुमित्राने मटाराची टोपली जमिनीवर ठेवली आणि शेंगा सोलत तीही पाहू लागली.