पिशव्यांपाशी कोण बसणार?

नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या मराठी घरांमध्ये नीलांबरीला सगळे ‘लंडनवाली’ म्हणत. तिलाही ते आवडायचं. नवरा अनिमेष अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास भागात एका बँकेत आयटीत. ती त्याच्यामागून डिपेंडंट म्हणून आली आणि पहिला हिवाळा खिडकीतून सायकली मोजण्यात घालवल्यावर तिने ठरवलं की हे आपल्याच्याने होणार नाही. मग तिने धंदा काढला. मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांना दोन दिवस लंडन दाखवून आणायचं.

दाखवणंही तिच्या तऱ्हेचं. मेणाचे पुतळे तिच्या यादीत नव्हते. “हाडामांसाची माणसं बघा की,” म्हणायची, आणि सगळ्यांना शनिवारी दुपारच्या संगीत नाटकाला बसवायची. नदीतून बोटीने ग्रीनिचला न्यायची, टेकडी चढवायची, वर दम खायला बाक कुठे आहे ते तिला पाठ असायचं. कुठल्या संग्रहालयात स्वच्छतागृह तळघरात आहे आणि कुठे लिफ्ट आहे, हे तिला राजाराण्यांच्या सनावळ्यांपेक्षा महत्त्वाचं वाटे.

आणि तिचा एक नियम होता. पहिल्याच सहलीत एका संग्रहालयाबाहेर तिने पाहिलं, की पुरुष सगळे आत गेलेत आणि बायका ओळीने बाकांवर बसल्यात, मांडीवर पिशव्या, पायाशी पिशव्या. “तुम्ही या बघून, मी बसते पिशव्यांपाशी.” प्रत्येकीचं हेच. कोणी बसवलं नव्हतं त्यांना, आपण होऊन बसल्या होत्या, आणि त्याचाच नीलांबरीला जास्त संताप आला. तेव्हापासून तिचा कायदा झाला. पिशव्यांपाशी कोणीही बसणार नाही, आणि बसायचंच झालं तर ती स्वतः बसेल. काही काकांना हे रुचलं नाही. न रुचो.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये सगळं ठप्प झालं. नाटकं बंद, संग्रहालयं बंद, विमानं बंद. अनिमेष म्हणाला, “नीलू, आता सरकारी मदत घे आणि सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर. लंडन संपलं.”

“लंडन आगीत जळून परत उभं राहिलंय,” ती म्हणाली. “तुझ्या टेस्टिंगने संपायचं नाही ते.”

त्या मार्चच्या रद्द झालेल्या सहलीच्या यादीत अरुणकाका आणि वसुधाकाकू होते. मुलगा रुचिर याच्याकडे फेब्रुवारीत आलेले, आणि आता अडकलेले. अरुणकाका नोकरीत असताना दोनदा लंडनला जाऊन आले होते. वसुधाकाकूंनी ते लंडन ऐकलं होतं, तेही बऱ्याचदा. इंग्लंडचा व्हिसा या खेपेला पहिल्यांदा त्यांच्या पासपोर्टवर लागला होता आणि ऑगस्टमध्ये संपणार होता. पुन्हा एवढा खटाटोप कोण करणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

जूनमध्ये वसुधाकाकू नीलांबरीला तळ्याकाठी भेटल्या. रुचिरच्या मीटिंग चालू असल्या की घरात मिक्सर लावायचा नाही, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, म्हणून काकू फिरायला बाहेर पडत. दोघी दीड मीटर अंतर ठेवून चालत होत्या.

“तुमची सहल राहिली हो काकू,” नीलांबरी म्हणाली.

“राहू दे गं. गेले असते तरी पिशव्यांपाशीच बसले असते.”

काकू हसल्या. नीलांबरीला हसू आलं नाही. दीड मीटर नसतं तर तिने त्या बाईला दंडाला धरून हलवलं असतं. घरी येऊन तिने जेवणसुद्धा धड केलं नाही. एखाद्या बाईने स्वतःला इतक्या सहज वजा करावं, हे तिला सहनच होत नव्हतं.

जुलैत इंग्लंडने नेदरलँड्सहून येणाऱ्यांचं विलगीकरण काढून टाकलं. ती बातमी वाचली आणि नीलांबरी त्याच संध्याकाळी रुचिरच्या दाराबाहेर उभी राहिली. काका-काकूंचा इथला मुक्काम तर वाढीव मुदतीवर चालला होता. लंडनला जाऊन परत इथे यायची सोय नव्हती. पण परत यायचंच कशाला? अडकलेल्यांना भारतात नेणारी विमानं लंडनहूनही सुटत होती.

“अ‍ॅमस्टरडॅमऐवजी लंडनहून घरी जाऊ दे त्यांना,” ती म्हणाली. “आगगाडीने मी नेते. एक रात्र, एक दिवस, आणि संध्याकाळी विमानात बसवते.”

“नीलांबरी, बी प्रॅक्टिकल,” रुचिर म्हणाला. “ऑल्मोस्ट सगळं बंद आहे तिथे. थिएटर नाही, काही नाही. आणि रिस्क किती!”

“मास्क मलाही लावता येतो. जे उघडं आहे ते दाखवीन.”

“अगं, आणि मी पाहिलंय लंडन,” आतून अरुणकाका म्हणाले. “या दिवसांत काय ठेवलंय तिथे?”

“तुम्ही पाहिलंय काका. काकूंनी कुठे पाहिलंय?”

मग काकूच दारापाशी आल्या. “मला जायचंय,” म्हणाल्या. इतक्या हळू, की रुचिरला वाटलं त्या चहाचं विचारतायत. त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि या वेळी मोठ्याने. महिनोन्‌महिने त्या घरात कुजबुजत होत्या. हा आवाज मीटिंगमधल्यांनीसुद्धा ऐकला असेल.

अनिमेषने घरी कपाळाला हात लावला. परत आल्यावर दोन आठवडे तुला घरात बसावं लागेल, म्हणाला. बसेन, ती म्हणाली, आणि बॅग भरायला घेतली.

ब्रुसेल्सला गाडी बदलून तिघं लंडनला पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. एवढं मोकळं लंडन नीलांबरीनेही पाहिलं नव्हतं. नाटकांच्या गल्लीत दारांना कुलपं, बाहेर पोस्टर मात्र तशीच. ती प्रत्येक थिएटरपुढे थांबून आत काय चालायचं ते सांगत गेली, तिकिटं काढून आल्यासारखी. कोणी बंद केलं म्हणून ती ते शहर दाखवायचं सोडणार नव्हती. काकू मान वर करून पोस्टरं वाचत होत्या. अरुणकाका, “हे माझ्या वेळी इथे नव्हतं,” असं प्रत्येक कोपऱ्यावर म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली सोडली. हॉटेलने एरवी सामान ठेवून घेतलं असतं, पण संसर्गाच्या भीतीने तेही बंद. त्यामुळे ट्रफाल्गर चौकातल्या मोठ्या चित्रसंग्रहालयापुढे तिघं पोचले ते दोन सुटकेसा आणि काकूंच्या तीन पिशव्यांसकट. संग्रहालय नुकतंच उघडलं होतं. नीलांबरीने ठरलेल्या वेळेची तीन तिकिटं काढून ठेवली होती. दारावरच्या माणसाने सामानाकडे पाहून नम्रपणे मान हलवली. आत नेता येणार नाही, आणि ठेवून घेणारी खोली बंद आहे.

काकूंनी क्षणाचाही विचार केला नाही. पायरीवर बसल्या, एक पिशवी मांडीवर, दोन पायाशी. “तुम्ही दोघं या बघून.”

“उठा काकू,” नीलांबरी म्हणाली. “मी बसते. तो माझा नियमच आहे.”

“छे छे,” अरुणकाका म्हणाले. “तू नसलीस तर आत दाखवणार कोण? तुला यायलाच पाहिजे. हिचं काय, हिला चित्रांतलं एवढं कळत नाही. आणि हिला सवय आहे बसायची.”

वाईट मनाने बोलले नव्हते ते. पाऊस येईल असं वाटतंय, असं सांगावं तसं म्हणाले. नीलांबरीच्या जिभेवर शब्द आले होते, आणि ते चांगले नव्हते. पण तिला बोलायची वेळच आली नाही.

वसुधाकाकू उठल्या. मांडीवरची पिशवी त्यांनी अरुणकाकांच्या हातात दिली. मग पायाशी होत्या त्या दोन उचलून त्यांच्या पायाशी ठेवल्या. साडी सारखी केली, मास्क नाकावर चढवला.

“तुम्ही बसा,” म्हणाल्या. “तुमचं दोनदा झालंय.”

“अगं, पण तुला एकटीला...”

“बाण काढलेत जमिनीवर. मला बाण समजतात.” मग नीलांबरीकडे वळून म्हणाल्या, “तूही बस गं यांच्याजवळ. यांना सवय नाही.”

आणि गेल्या. तिकीट दाखवलं, हाताला जंतुनाशक लावलं, मागे वळून पाहिलं नाही. नीलांबरीचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी तिला मोठ्याने हसावंसंही वाटत होतं. इतकी माणसं तिने या शहरात आणली, पण अशी आत जाताना कोणी पाहिली नव्हती.

अरुणकाका पायरीवर बसले. आधी रागावून, मग अवघडून. सुटकेस सरकते म्हणून तिला पाय लावून बसले. कोणी जवळून गेलं की पिशव्या ओढून घेत. “किती वेळ लागेल हिला?” त्यांनी विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.

“बघून होईल तेव्हा येतील,” नीलांबरी म्हणाली.

ऊन चौकाच्या दुसऱ्या टोकाला गेलं. विमानाला वेळ होता, पण काका घड्याळ पाहत होते. शेवटी त्यांचा फोन वाजला. त्यांनी घाईने स्पीकर लावला.

“कुठे आहेस तू? बाहेर ये आता!”

“अहो, इथे बघायच्या तीन वाटा आहेत,” काकूंचा आवाज आला, अगदी मोकळा, दिवाणखान्यात बोलावं तसा. “दोन झाल्या. तिसरी बघून येते. निळ्या पिशवीत दशम्या आहेत, चटणी आहे. दोघं खाऊन घ्या. माझ्यासाठी थांबू नका.”