राजकन्या देवळात गेली म्हणून वाचली

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात कुरिअरने आलं ते असं: कम्प्युटरच्या खेळाची एक सीडी, नव्वद रुपये, ती कुरिअरच्या ऑफिसातून आणायला रिक्षाचे दहा वेगळे. तेव्हा मी लेकीला, मृणालला, खूप बोलले होते.

खेळात एक राजकन्या आहे. वडील वारले, काकाने गादी बळकावली, आणि ही रानोमाळ फिरतेय. मृणाल महिनाभर तिच्यात गुंतलेली.

आज एसटी चुकेल म्हणून ती खेळ तसाच चालू ठेवून शहापूरला क्लासला गेली. वाटेतून फोन. "आई, चारला लाइट जाणार गो! सेव्ह नाय केलं तर महिन्याची मेहनत गेली. तू फक्त तिला..." आणि रेंज गेली.

चारला पाच मिनिटं कमी. पडद्यावर राजकन्या चौकात एकटीच, समोर देऊळ. मला दुसरं काय सुचणार? बाणांची बटणं दाबत तिला देवीपुढे नेली आणि मोठं बटण दाबलं. तिने गुडघे टेकले, घंटा वाजली. मीही हात जोडले. तेवढ्यात लाइट गेली.

मृणाल आली ती रडवेलीच. लाइट आल्यावर खेळ लावला आणि ओरडली, "आई, हाय गो ती! देवळात पाया पडल्यावरच सेव्ह होतं, तुला कोणी सांगितलं?"

"पाया पडायला कोणी सांगावं लागतं का?"

जीव भांड्यात पडला बघा. आता एकच. तिला शेवटी गादी मिळते का, हे कुणाला ठाऊक असेल तर उलट टपाली कळवा. मृणालला खेळून कळेल. मला तेवढा धीर नाही.