देवरीवालीचं नाक आणि माझा बोरा

मंडईला दोन दिवस उरले असताना नातवाचा फोन आला, "आजी, या साली जमत नाही." फोन ठेवला आणि मी पिशवी भरायला घेतली. म्हटलं, जमत कसं नाही! जाऊन कानाला धरून आणते.

ज्यांना मंडई ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दुपारी बाजार, रात्री नाटक. लेकीबाळी येतात, जावई येतात, उधारीवाले येतात. नाटक खाली बसून पाहायचं, म्हणून बायका दुपारीच उसवलेला बोरा, म्हणजे तागाचं पोतं, घेऊन मंडपात जातात आणि स्टेजसमोर अंथरून जागा धरतात. माझा नातू सुगत एवढासा होता तेव्हापासून मी आमच्या दोघांची जागा धरत आले. एक बोरा, दोन माणसं. तो गोंदियाला नोकरीला लागला तरी मंडई चुकली नाही. या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं, आणि पहिल्याच मंडईला हा फोन.

हे जी टाइप करते आहे ती पल्लवी, सुगतची बायको, माझी नातसून. मला अक्षर येत नाही. मी झाडीबोलीत बोलते, ती पुस्तकी भाषेत लिहिते. मध्येच तिच्याबद्दल काही चांगलं वाचायला मिळालं तर ते तिनंच घुसवलं असं समजावं.

तर मी फोनवर विचारलं होतं, "काऊन जमत नाही?"

"गेम जॅम आहे, आजी. कंप्युटरवरचा खेळ बनवाचा हाय. शुक्रवारी विषय देतेत, रविवारी दुपारपर्यंत खेळ पाठवा लागते. दुनियाभरचे लोक बनवतेत. आमी पहिल्यांदाच बनवून राहिलो."

"आमी म्हंजे कोण?"

"मी अन् पल्लवी."

हे "मी अन् पल्लवी" मला जेवणात खडा लागावा तसं लागलं.

शनिवारी सकाळी निघाले. आमच्या गावाहून आमगावपर्यंत ऑटो. माणसं भरल्याशिवाय तो हलत नाही, त्यामुळे घाई असेल तर शेळ्या घेऊन जाणाऱ्या माणसाच्या ऑटोत बसावं; शेळ्या धरून तो लवकर भरतो. रस्त्याच्या दोन्ही अंगाला हलका धान कापून झाला होता, भारी धान अजून उभा, पिवळाधम्मक. आमगावहून गोंदियाला बसही जाते, पण मी पॅसेंजरच सांगेन. तिकीट चहा-भज्यांपेक्षा स्वस्त आणि वाऱ्याची खिडकी फुकट. गुदमा स्टेशन गेलं की पाय मोकळे करायला लागावं. गोंदिया आलं हे कळायला मला पाटी लागत नाही. राईस मिलचा उकडलेल्या धानाचा वास डब्यात शिरतो, तेवढ्यात पदर सावरायचा.

स्टेशनबाहेर आलुबोंडा खाल्ला. तिखट मिरची वेगळी मागून घ्यावी, मागितल्याशिवाय देत नाहीत. मग कुडव्याचा ऑटो.

"आइए माताजी, कुडवा, कुडवा!"

"माताजी मत बोल, पहले किराया बोल."

"आपसे क्या ज़्यादा लूँगा, माताजी?"

बसलेल्या सगळ्यांएवढंच घेतलं. माताजी म्हणण्याचं मात्र काही लावलं नाही.

कुडव्यात या दोघांनी माडीवर दोन खोल्या घेतल्या आहेत. दार उघडंच होतं. मी दारात उभी, हातात कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्यांचा डबा, आणि कोणाचं लक्ष नाही. दोघं दिवाणावर गुडघ्याला गुडघा लावून बसलेले. याच्या मांडीवर एक लॅपटॉप, तिच्या मांडीवर एक. मध्ये पोह्यांची एकच प्लेट, एकच चमचा. हा न बघता चमचा पुढे करायचा, ती न बघता तोंड उघडायची.

मी खाकरले. मग जोरात खाकरले.

"जय भीम, आजी!" सुगत उठला, पायाशी वाकला, वड्यांचा डबा उघडला, एक तोंडात कोंबली आणि परत जाऊन बसला. डोळे पुन्हा त्या उजेडात.

त्याच्या आबाजीसोबत माझा संसार धानाच्या एकाच बांधीत, चिखलात रोवणी करत झाला. पण तो पुढे आणि मी मागे. दिवसभराच्या कामात आमचं बोलणं म्हणजे "पाणी दे" आणि "घे". ही दोघं मात्र एकमेकांचं अर्धं वाक्य उचलून पूर्ण करत होती. "तो बकरा..." "थोडा हळू?" "हाव, अन् डावीकडून." मला पहिल्यांदा वाटलं, मी हिच्यावर जळते आहे की हिनं माझा नातू नेला. वड्या गरम करता करता कळलं, तेवढंच नाही. मी त्या एका चमच्यावर जळत होते.

जेवताना सुगतनं खेळ समजावला. दुनियाभरच्या लोकांना विषय दिला होता 'जागा'. तेव्हा याला काय सुचावं? एक म्हातारी. काखेत बोरा. मंडईच्या गर्दीतून निघाली आहे. वाटेत बकरे, सायकली, जिलबीची कढई, सिंगाड्यांचे ढीग. सगळ्यांना चुकवत ती स्टेजसमोर पोहोचते आणि नाटकाची घंटा व्हायच्या आत नातवासाठी बोरा अंथरते.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. नातू येवो न येवो, दुनियाभरचे लोक मला चालवणार होते!

"दाखव मले."

त्यानं दाखवलं. म्हातारी टुकूटुकू चालत होती. उंच, सडपातळ, हिरवं लुगडं, आणि नाक असं की सावली पडावी. माझं नाक तुम्ही पाहिलं नसेल. पाहण्याजोगं ते नाहीच, बसकं आहे.

"हे कोण हाय वो?" मी पल्लवीला विचारलं.

"माझी आजी. देवरीची."

म्हणजे दुपार माझी, बोरा माझा, नातू माझा, आणि चालून राहिली देवरीवाली!

"आजी, गोष्ट मी सांगितली, पण चित्रं पल्लवी काढते ना," सुगत म्हणाला. "तिच्या हाताला तिचीच आजी येते."

"उद्या तुमचं लेकरू झालं तरी असंच होईल. अक्कल आमची अन् नाक देवरीचं."

पल्लवीनं वडी मोडली. "अक्कल तुमच्याकडची येणार असेल आजी, तर नाक तरी बरं येऊ द्या."

सुगतला ठसका लागला. मी पाणी दिलं नाही.

दुपार टळली तसा देवरीहून फोन आला. पल्लवीचे हात गुंतलेले, म्हणून तिनं आवाज खोलीभर सोडला. मी तिथंच सुपारी कातरत बसलेली.

"पल्ले, माहा चेहरा गेला का खेळात?"

"गेला, आजी."

"ते आमगाववाली इहीन आली म्हणतेत तुह्या घरी. तिले नको टाकजो हो त्यात. लग्नात पाहिलं ना? आयेरात सतरंजीवर एकटी बसली तं चौघीची जागा खाऊन टाकली तिनं."

ती विहीण म्हणजे मीच. मी अडकित्ता मिटवला. "इहीनबाई, जय भीम. मी आयकून राहिलो."

पलीकडून फोन कट. पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं, मग सुगतकडे पाहिलं. दोघं एक शब्द न बोलता हसायला लागली, आणि मग घाईघाईनं लॅपटॉपवर वाकली. मला कोणी काही सांगितलं नाही. त्यानंतर मी जवळ गेले की पल्लवी पडदा तिकडे वळवायची.

"काय लपवून राहिली?"

"काही नाही, आजी. तुम्ही पडा थोडं."

रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन उभी राहिले. "चाल, बापू. गाडीची वेळ झाली."

सुगतचा चेहरा उतरला. "आजी, आता सोडलं तं दोघांची मेहनत जाते. पाठवलं का लगेच निघतो."

"दुपारी जागा नाही धरली तं मंग मांगं, खांबाआड बसा लागते. तुले माहीत हाय."

"तू धरशील ना?"

"कायले धरू? ज्याची जागा हाय त्यानं यावं." असं म्हणून मी जिना उतरले. तो ऑटोपर्यंत आला, पिशवी ठेवून दिली, पण मान त्याची वर खिडकीकडे. परतीच्या गाडीत खिडकी मिळाली तरी मी बाहेर पाहिलं नाही.

मंडई पाहायला येणार असाल तर दुपारी ऊन उतरायच्या आत या. सिंगाडे उकडलेले घ्या, कच्चे सोलताना बोटं सोलतात. गुळाची जिलबी कढईजवळ उभं राहूनच खा. आणि बोरा स्वतःचा आणा, तागाचा. खताची प्लास्टिकची पोती आणतात काही जण, ती घसरतात. माणूस पहिल्या अंकाला पुढे असतो आणि दुसऱ्याला शेजारणीच्या मांडीवर.

मी धरणार नव्हते जागा. पण पाय त्या बाजूला गेले. स्टेजसमोर, मधोमध, माझा बोरा अंथरला. दोघांचा. शेजारी शेवंता येऊन बसली, तिचा बोरा माझ्या बोऱ्याला चिकटून. आमची जुनी मैत्री आहे, म्हणजे जुनं भांडण आहे.

"नातू येते का वो?"

"येते."

"बायकोले सोडून?"

मी सिंगाडा सोलत राहिले. मंडप भरत गेला. मागून एका पाव्हण्यानं विचारलं, "ही जागा कोणाची?" मी म्हटलं, "माणूस हाय." तासाभरात हे मी इतक्यांदा म्हटलं की मलाच खोटं वाटायला लागलं.

उन्हं उतरली तेव्हा मंडपाच्या कडेला मोटारसायकल थांबली. दोघं धुळीनं भुरकी झालेली. सुगत माणसं ओलांडत आला आणि बोऱ्यावर धपकन बसला, लहानपणी बसायचा तसाच. पल्लवी कडेला उभी राहिली. बोरा दोघांचा होता. तिसऱ्यासाठी मी आणला नव्हता, आणि विसरून आणला नव्हता असंही नाही.

तिनं जागा नाही पाहिली. खाली वाकून मोबाईल माझ्यापुढे धरला. "आजी, खेळ गेला. आधी हे पाहा."

देवरीवाली चालत होती. बकरे चुकवले, कढई चुकवली, स्टेज आलं, तिनं बोरा झटकला. आणि डावीकडून एक ठेंगणी, रुंद, बसक्या नाकाची म्हातारी आली, गालात सुपारीचा फुगा. तिनं कमरेनं असा धक्का दिला की देवरीवाली बोऱ्यासकट सिंगाड्यांच्या ढिगात! मग ती ठेंगणी ऐटीत पसरून बसली.

"हे मी हाय?"

"तुम्हीच," पल्लवी म्हणाली. "तुम्हाला हटवल्याशिवाय जागा मिळत नाही. आम्ही दोघांनी रस्त्यावर निघेपर्यंत खेळून पाहिलं. सुगत एकदाही जिंकला नाही."

मला रागवायचं होतं. पाहुण्या बाईला खलनायिका केलं होतं. पण त्या बुटकीची कंबर काय सुरेख फिरत होती! आणि नाक अगदी माझं. ते नाक काढायला या पोरीनं मला चोरून किती वेळ पाहिलं असेल? मी जेवताना, सुपारी कातरताना, रागानं पिशवी भरताना. आजपर्यंत एवढं मला कोणी पाहिलं नव्हतं.

"पुन्हा एकदा दाखव," मी म्हटलं.

पुन्हा दाखवलं. पुन्हा धक्का. मी मोबाईल सुगतच्या हातात दिला, लुगडं सावरलं आणि शेवंताला कमरेनं धक्का दिला.

"सरक वो."

"अवो! काऊन?"

"माणूस हाय," मी म्हटलं आणि पल्लवीला हाताला धरून खाली बसवलं. माझ्या आणि सुगतच्या मध्ये नाही. माझ्या पलीकडच्या अंगाला. मधली जागा माझीच.

खेळाला बक्षीस वगैरे मिळालं नाही. पण कुठल्या कुठल्या देशातून लोक लिहितात. पल्लवी वाचून दाखवते: खेळ छान आहे, पण ती बुटकी म्हातारी फार वाईट आहे, तिला हरवायचं कसं ते सांगा. मी सांगत नाही. घरी बसल्या बसल्या मला बरं वाटतं. चमचा मात्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. परवा नातसून गावी आली तेव्हा मी एकाच ताटलीत दोघींचे पोहे वाढले. पल्लवीनं स्वतःसाठी वेगळा चमचा घेतला. हे वाक्य तिला खोडायचं होतं, मी खोडू दिलं नाही.

देवरीवालीचा मात्र जीव तळमळतो. खेळात चेहरा तिचा, आणि दुनियाभरचे लोक तिला सिंगाड्यांत पाडतात. तिनं निरोप धाडला आहे की पुढच्या मंडईला ती स्वतः येणार, आणि मी जागा कशी घेते ते पाहणार.

येऊ दे. बोरा स्वतःचा आणावा. तिच्यासाठी मी शेवंताला सरकवणार नाही.