चारशे फुटांपर्यंत गप्प

विमान कंपनीत निवड झाली तेव्हा आईनं गारखेड्याच्या आमच्या गल्लीत पेढे वाटले. विमान मात्र अजून लांब होतं. आधी वर्ग, मग सिम्युलेटर, मग परीक्षा, आणि ती पास झालो तरच नोकरी. तोवर भावी पायलटसाहेब सकाळी औरंगपुऱ्यातल्या एका क्लासमध्ये अकरावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवत आणि दुपारी मामाच्या मंडपात लग्नं लावत. म्हणजे लग्नं गुरुजीच लावायचे, माइकवर बोलायचं काम माझं.

मामाचा मंडप आणि साउंडचा धंदा होता. आमच्याकडच्या लग्नात माइकवाल्याचं खरं काम एकच, वेळ काढणं. पत्रिकेत मुहूर्त साडेबाराचा छापलेला असतो, पण पुढारी सिल्लोडच्या रस्त्यावर कुठंतरी असतात आणि ते आल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. तोवर माजी सरपंचांपासून नवरदेवाच्या आतेभावापर्यंत प्रत्येकाचं आगमन झालेलं आहे आणि प्रत्येकानं स्थानापन्न व्हावं, हे मी सांगत राहायचो. एकदा सगळी नावं संपली तेव्हा मी आचाऱ्याचंही स्वागत केलं होतं. मंडपात शांतता पडली की मला धडकी भरायची. मामा म्हणायचा, "भाच्या, तुझ्या तोंडाला ब्रेक नाय, लई बरं हाय."

घरी कपाटाच्या दारावर मी कॉकपिटचा मोठा कागद चिकटवला होता. त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचं आणि कागदावरच्या बटणांना बोट लावत सगळा क्रम पाठ करायचा. ऐन उड्डाणात आई यायची, "सरक जरा, साडी काढायचीय," म्हणायची आणि दोन्ही इंजिनांसकट दार उघडायची.

मग हैदराबादला सिम्युलेटर सुरू झाला. तिथलं विमान खोटं, भीती मात्र अगदी खरी. विमान धावपट्टी सोडत असतानाच एक इंजिन बंद पाडतात. अशा वेळी चाकं आत घ्यायला सांगायचं, विमान सरळ ठेवायचं आणि चारशे फूट चढेपर्यंत दुसरं काही करायचं नाही, गप्प बसायचं. मी काय केलं, तर बोलत सुटलो. इंजिन गेलंय, काही हरकत नाही, आपण व्यवस्थित आहोत, सगळ्यांनी शांत राहावं. हे सगळं इंग्रजीत, पण चाल मंडपातली. तेवढ्यात विमान एका अंगावर कललं. शेजारच्या खुर्चीत माझ्या जोडीला असलेली नागपूरची मुलगी आधी माझ्याकडं आणि मग छताकडं बघायला लागली.

शिकवणारे कॅप्टन हवाई दलातून निवृत्त झालेले होते. त्यांनी यंत्र थांबवलं आणि विचारलं, "किसकी राह देख रहे हो?"

मला खरं उत्तर माहीत होतं, पण पुढाऱ्याची, असं कसं सांगणार? परीक्षेत असंच बोललास तर घरी जाशील, एवढंच ते म्हणाले, तेही आवाज न चढवता. मी मनातून घाबरलो. जन्मभर कपाटाचंच विमान उडवावं लागणार, असं वाटायला लागलं.

परीक्षेआधी थोडे दिवस घरी आलो, तर मामानं लगेच एका लग्नाला जुंपलं. मी म्हटलं, चला, हीच तालीम. लागेल तेवढंच बोलायचं. मुहूर्त आला तेव्हा पुढारी फुलंब्रीच्याही पलीकडं होते. मी माइक धरून गप्प उभा राहिलो. हळूहळू मंडपही गप्प झाला. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. एरवी मी त्यांना हातानंच थांबवायचो. त्या दिवशी घड्याळ बघितलं आणि माइकवर म्हणालो, "मुहूर्त झाला. सुरू करा."

गुरुजींना पुढचं लग्न गाठायचंच होतं. त्यांनी मंगलाष्टकं धरली, लोकांनी बसल्या जागेवरून अक्षता फेकल्या आणि लग्न चक्क वेळेवर लागलं. पुढारी आले तेव्हा पहिली पंगत मठ्ठ्यापर्यंत पोचली होती. नवरदेवाचा काका माझ्या अंगावर धावून आला. "ह्यो मुका कुठनं आणला? दोन शब्द बोलाया काय झालतं याला?"

मामानं माझ्या हातातला माइक काढून घेतला. "तू तुझं विमान बघ आता. इथं येऊ नको." आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं आणि हातचं काम गेलं.

परीक्षेत इंजिन ठरल्यासारखं गेलं. 'काही हरकत नाही' अगदी ओठांवर आलं होतं. मी दात आवळले, चाकं आत घ्यायला सांगितलं आणि विमान सरळ ठेवणारा पायाखालचा रडर दाबून धरला. चारशे फुटांपर्यंतची ती शांतता एवढी लांबली, की तेवढ्यात मी अख्ख्या तालुक्याचं स्वागत उरकलं असतं. पण विमान सरळ चढत राहिलं. बाहेर आल्यावर कॅप्टननी आम्हा दोघांशी हात मिळवला. पास.

आईला फोन केला, ती रडायलाच लागली. मग भीत भीत मामाला लावला. मागं गर्दी आणि साउंडची शिट्टी ऐकू येत होती, म्हणजे स्वारी लग्नातच होती. "मामा, पास झालो," मी म्हणालो. तिकडं फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, राग अजून गेलेला नाही. तेवढ्यात माइकवर टिचकी मारल्याचा आवाज आला. मामाला माइकची इतकी भीती, की तपासतानासुद्धा तो पोरांना बोलायला लावायचा.

"मंडळी," मामाचा आवाज थरथरत होता, "माझ्या बहिणीचा पोरगा. तुमच्या लई लग्नात हितं बोललेला हाय. त्यो आज पायलट झाला. मोठ्या विमानाचा." मग, "टाळ्या वाजवा."

मंडपभर टाळ्या पडल्या. मला रडू आलं.

टाळ्या थांबल्यावर तो फोन तोंडाशी धरून कुजबुजला, "तिकडं आणखी काय काय झालं ते सांग ना पटकन, माइकवर सांगतो. पुढारी अजून सिल्लोडलाच हायेत."