दर पंचवीस किलोमीटरला

तिच्याकडची मंडळी लग्नाची बोलणी करायला आमच्या घरी आली, तेव्हा तिच्या मामांनी एक वाक्य उच्चारलं. ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, त्यामुळे चूक दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या होत्या, चहा यायचा होता. मामा म्हणाले, "पोरीचं बाकी काय न्हाई. फकस्त येष्टी चालत न्हाई तिला. गाडी लागती."

 मग माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, मोठ्या मनानं म्हणाले की त्यात काय एवढं, बघू की आपण. मामांचा चेहरा एकदम खुलला. माणसं समजूतदार आहेत, असं ते शेजारच्या पाहुण्याला हळूच म्हणालेसुद्धा. दादा उठून स्वयंपाकघरात गेले आणि आईला म्हणाले, "गाडी पायजेल म्हनत्यात." आईनं चहाचं पातेलं जरा जोरातच खाली ठेवलं.

आता कुणी म्हणेल, एवढं साधं मराठी कळलं नाही का तुम्हाला? नाही कळलं. मला जे ऐकायची भीती होती तेच मी ऐकलं. मी नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर व्हर्नियर घेऊन लोखंडी शाफ्ट मोजायचे आणि मापात नसलेले बाजूला काढायचे, हे माझं काम. ती तिसगावची, शिक्षिका, माझ्याहून जास्त शिकलेली. मोटारसायकलवरून कामाला जाणारा मी तिच्या मापात बसतो का, ही धाकधूक मला पहिल्या दिवसापासून होती. त्यामुळे गाडीची अट ऐकून मला राग आला खरा, पण नवल मुळीच वाटलं नाही.

लग्नाआधी गाडी दारात आली. जुनीच होती, पांढरी, पण ठणठणीत. आईनं तिला हळदकुंकू वाहिलं, लिंबू-मिरची बांधली. चल, एक फेरी मारू म्हटल्यावर मात्र नेहमीसारखं म्हणाली, "मला न्हाई आवडत हिंडायला. तुमीच जावा." तिचं हे कायमचंच होतं. दादा आणि मी दोघंच गेलो आणि भेळ खाऊन आलो.

लग्न तिसगावला झालं. पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका रडल्या, ही रडली नाही. गाडीत बसल्यावर मात्र दहा मिनिटांत तिनं रुमाल तोंडाला लावला. करंजी घाटात तिनं हातानं थांबायची खूण केली. उतरली, कठड्यापाशी गेली आणि आमच्याकडं पाठ करून वाकून उभी राहिली. मला वाटलं, माहेरचा मुलूख डोळे भरून बघतीये. गाडी चालवणाऱ्या मित्राला मी दटावलं, हॉर्न वाजवू नको, घेऊ दे रडून. असे आम्ही चार वेळा थांबलो. चौथा थांबा तर नगरच्या तोंडाशी होता. तिथून तिला तिसगाव काय कपाळ दिसणार होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. जिच्यासाठी गाडी घेतली ती गाडीत बसायला तयार नाही. सकाळची शाळा जवळच होती, तिथं पायी जायची. माहेरी जायचं म्हटलं की म्हणायची, गाडी राहू द्या, मोटारसायकलवरच जाऊ. आणि मोटारसायकलवर बसली की हिची गाडी सुसाट. वर्गातल्या पोरांच्या नकला, मैत्रिणींची भांडणं, घाटातली वळणं संपली तरी हिचं बोलणं संपायचं नाही. मी हेल्मेटमधून हूं हूं करायचो आणि मनात म्हणायचो, बाई, मग ती अट कशाला घातलीत? शेवटी मीच उत्तर काढलं. गाडी जुनी आहे, म्हणून हिला लाज वाटते. असं वाटल्यावर मी चार दिवस तिच्याशी धड बोललो नाही. ती विचारत राहिली, काय झालं, काय झालं. मी म्हणालो, काही नाही.

मग शेजारच्या काकूंनी आणखी एक काडी टाकली. तुमची सूनबाई दुपारी गाडीत एकटीच बसलेली असते, काचा लावून. मला आधी खरं वाटेना. एके दिवशी मी लवकर घरी आलो तर खरंच ही आमच्या दारातल्या लिंबाखाली, बंद गाडीत, पुढच्या सीटवर बसलेली. डोळे मिटलेले, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले. मी होतो तिथून मागं फिरलो आणि चौकात जाऊन दोन चहा घेतले. विचारायची हिंमत झाली नाही. गाडी उभी असताना बसते, चालू झाली की उतरते. मी नसताना बसते, मी असलो की नको म्हणते. माझ्या हिशेबानं याचा एकच अर्थ निघत होता, आणि तो मला सहन होणारा नव्हता.

लग्नाच्या वेळी कारखान्यात कामाची धावपळ होती, म्हणून हनिमूनची रजा मला पुढं मिळणार होती. मी ठरवलं, काय तो सोक्षमोक्ष लावून टाकू. नगरहून निघायचं ते थेट कन्याकुमारी, तेही गाडीनं. बारा दिवस आम्ही दोघंच. एवढ्या दिवसांत कळेलच, हिला माझ्याबरोबर राहायचंय का नुसतं निभावून न्यायचंय. मला दुसरं काही नको होतं, एवढंच कळायला हवं होतं.

मी तिला बेत सांगितला. ती बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिली आणि म्हणाली, "चालेल."

चालेल म्हणजे काय? भाजीत मीठ कमी पडलं तरी आपण चालेलच म्हणतो.

तरी मी हौसेनं वही आणली. रोजचा मुक्काम, बघायच्या जागा, सगळं रेघा मारून लिहिलं. विजापूरचा गोलघुमट, हंपी, कावेरीवरचा धबधबा, शेवटी तीन समुद्र एकत्र येतात ते टोक. गोलघुमटात एका बाजूला कुजबुजलेलं पलीकडच्या बाजूला स्पष्ट ऐकू येतं म्हणतात. तिथं तिला पलीकडं उभं करून काय बोलायचं, हेही मी मनात ठरवून ठेवलं होतं. घरात चार माणसांत ते तोंडातून निघत नव्हतं. वही तिच्याकडं दिली आणि म्हणालो, तुला कुठं थांबायचंय ते पण लिही.

दोन दिवसांनी वही परत आली. बघतो तर माझ्या जागांच्या मधल्या सगळ्या रिकाम्या ओळी भरलेल्या. फळ्यावर काढावं तसं गोल, सुंदर अक्षर. रुईछत्तीशीच्या अलीकडं मोठी चिंच, खाली सावली. त्याच्या पुढं मिरजगावाकडं मेंढरं बसतात तो माळ. मग रसवंती, बाहेर बाकडी आहेत. करमाळ्याच्या पुढं फुटबॉलसारखी रंगवलेली पाण्याची टाकी. मग जुन्या टायरांचा ढीग, फोटोला चांगला. मग एक नुसताच पूल. सोलापूरच्या आतच तिचे थांबे एका हाताच्या बोटांवर मावेनात. गोलघुमटापुढं तिनं काहीच लिहिलं नव्हतं. टायरांच्या ढिगापुढं मात्र लिहिलं होतं, दहा मिनिटं.

मी चक्रावलो. हनिमूनला माणूस टायर बघायला थांबतो? बरं, विचारलं तर म्हणाली, वेगळं काहीतरी बघावं. फोनवर नकाशात शोधून शोधून काढलंय. शोधून काढलेलं दिसतच होतं, पण कशासाठी ते कळेना. मेंढरांचा आणि पाण्याच्या टाकीचा संबंध काय? पुलावर उभं राहून काय बघायचं, ट्रक?

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी वही आणि फोन घेऊन ओट्यावर बसलो. सवयच वाईट, माप घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. चिंचेपासून माळापर्यंत पंचवीस किलोमीटर. माळापासून रसवंती चोवीस. तिथून पुढं सव्वीस. टाकी, टायर, पूल, सगळं पंचवीसच्या एक अलीकडं नाहीतर एक पलीकडं. आमच्या कारखान्यात इतका एकसारखा माल निघाला तर साहेब पेढे वाटतील. सुंदर जागा अशा दर पंचवीस किलोमीटरला उगवत नाहीत, एवढं मलाही कळतं. म्हणजे तिनं जागा आवडली म्हणून थांबा लिहिला नव्हता. आधी अंतर धरलं होतं आणि तिथं जे सापडलं ते लिहिलं होतं.

माझं टाळकं सरकलं. मला वाटलं, ही आपली टिंगल करतीये. नाहीतर कुठं पोचायचंच नाही असा हिचा बेत आहे. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मी वही तिच्यापुढं धरली आणि म्हणालो, "तुला माझ्याबरोबर यायचं नसेल तर तसं सरळ सांग."

तिनं हातातला टॉवेल पुन्हा बादलीत टाकला. "यायचंय म्हणून तर एवढे थांबे काढले. पंचवीसच्या पुढं मला नाही जमणार."

"काय नाही जमणार?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्हाला माहीत आहे ना? मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला गाडी लागते."

"म्हणून तर घेतली ना गाडी!"

हे मी बोललो, आणि माझंच वाक्य मला ऐकू आलं. आमच्या दोघांमध्ये ओली चादर लोंबत होती. करंजी घाट, रुमाल, वाकलेली पाठ, चार थांबे, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. मी तिला विचारलं, घाटात तू रडत नव्हतीस? ती म्हणाली, रडायला सवड कुठं होती. आणि हसायला लागली. मीही हसलो, पण माझं हसू लवकर संपलं, कारण मला ती लिंबाखालची गाडी आठवली.

"मग रोज दुपारी काचा लावून काय करायचीस आत?"

ती पुन्हा कपड्यांकडं वळली. म्हणाली, "सवय. त्या वासानंच आधी मळमळतं. आधी पाच मिनिटं बसता यायचं, आता अर्धा तास बसते. लग्नाच्या दिवशी दहा-बारा किलोमीटरला थांबावं लागलं. आता पंचवीस जमतील असं वाटतं. तुम्ही एवढ्या हौसेनं वही लिहिली, मधूनच परत फिरायला लागलं असतं तर?"

 गोलघुमटात बोलायचं म्हणून जपून ठेवलेल्यातलं एक वाक्यही आता पुरेसं वाटेना. दोन महिने मी हिला मापात बसत नाही म्हणून बाजूला काढून ठेवलं होतं, आणि ही बंद गाडीत ओकारी दाबत माझ्याबरोबर यायची तयारी करत होती. मला माझीच लाज वाटली. मी बादलीतला टॉवेल उचलला, पिळला आणि तारेवर टाकला. तो उलटा पडला म्हणून तिनं पुन्हा नीट केला.

घरात सांगितलं तेव्हा दादा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, "आन् पोरगी तशीच गप बसून ऱ्हायली?" आणि आत जाऊन लिंबं धुवायला घेतली. मामांना फोन केला तर ते म्हणाले, तुमचे दादा म्हणले बघू की, मला वाटलं एखादं औषध हाय त्यांच्याकडं.

त्या रजेत आम्ही मोटारसायकलवरून भंडारदऱ्याला गेलो. तीन दिवस धरणाच्या कडेकडेनं हिंडलो. ती वाटभर बोलत होती. अकोले गाव सोडून घाट सुरू झाला तेव्हा मी विचारलं, थांबायचं का जरा? ती म्हणाली, "कशाला? जाऊ की पुढं." चालेल म्हणाली नाही, हे माझ्या बरोबर लक्षात आलं.

वही मात्र तिनं टाकू दिली नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनंच विषय काढला. कन्याकुमारी राहू दे, विजापूरपर्यंत तरी गाडीनं जाऊ, आणि चौघं जाऊ. सकाळचा चहा चालू होता. आई सुपात तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मला न्हाई आवडत हिंडायला. तुमीच जावा." आम्ही दोघा बापलेकांनी मान डोलावली. आईचं उत्तर ठरलेलंच असतं. मी बिस्किट चहात बुडवलं.

बायको मात्र कप घेऊन तिच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, "आई, तुम्हाला पण गाडी लागते का?"

आईचा हात सुपात थांबला. तिनं दादांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग सुनेकडं. आणि म्हणाली, "लई."

 चौतीस वर्षांचा संसार, किती लग्नं, किती जत्रा, मावशीच्या बाळाचं बारसं, सगळीकडं दादा एकटे किंवा मला घेऊन गेले होते. आईला हिंडायला आवडत नाही, हे मी शाळेच्या निबंधातसुद्धा लिहिलं होतं. दादांनी कप खाली ठेवला. माझ्यापुढची वही ओढून घेतली, चष्मा लावला आणि पहिल्या पानावर बोट ठेवून आईला विचारलं, "चिंचेखाली थांबायचं का? का त्याच्या बी अलीकडं?"