नावातलं पाणी

तंजावूरच्या आमच्या माती सर्वेक्षण कचेरीत एक जुने कारकून नकाशे सांभाळत. मातीच्या शास्त्रीय नावात ‘ॲक्व’ दिसलं, की त्यावर बोट टेकवून म्हणत, “इथं पाणी राहतं, सार.” पुढे वाद नाही.

शेतांचे धडाधड प्लॉट पडत होते त्या दिवसांत मीही पापनाशमजवळ एक ठरवला. घर बांधायच्या परवानगीला आमच्या कचेरीचा मातीचा दाखला लागे, आणि पाणथळ जमिनीला ती मिळत नसे. नकाशात तेच ‘ॲक्व’वालं नाव निघालं. उन्हाळ्यानं जमीन तर भेगाळली होती. “दाखल्यात कोरडी लिहा ना,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं जाऊन त्यांनी माझ्याच प्लॉटमधून हातभर खोलवरचं ढेकूळ आणलं. टेबलावर फोडलं. आत राखाडी माती, गंजासारखे ठिपके. पाणी साचल्याची खूण.

मग कोरा दाखला माझ्यापुढे सरकवला. “तुम्हीच लिहा, सार.”

मी नकाशातलं नाव लिहिलं.