विरोधाचा फेटा

स्वतःला विरोध करायला माणसं नेमणारा, आणि वर त्या माणसांना फेटा बांधणारा दुसरा कारखानदार भारतात असेल तर मला जरूर कळवावं; मी माझं विधान मागे घेईन. माझ्या माहितीत असा एकच आहे आणि तो माझा थोरला साडू आहे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. आष्ट्याच्या बाहेर त्यांचा पाण्याच्या पंपांचा कारखाना आहे. पंजाबापासून तमिळनाडूपर्यंतच्या विहिरींवर त्यांचे पंप बसलेले आहेत. दिल्लीतल्या मोठ्या सभांमध्ये त्यांना नेतृत्व या विषयावर बोलायला बोलावतात आणि ते जातातही. तिथे काय बोलता, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "काय न्हाई पावणं, मी त्यास्नी एवढंच इचारतो, तुमाला न्हाई कोण म्हणतं? मग ते जेवायला उठत्यात."

हे सगळं लिहायला एक कारण झालं. वयाची सत्तरी ओलांडल्यावर अण्णांनी कारखाना कुणाच्या हाती द्यायचा हा प्रश्न काढला, आणि त्यांच्या एकुलत्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं, पुढचं सगळं त्यात अडकलं. ती इंजिनियर. बारा वर्षं त्याच कारखान्यात भट्टीपासून तपासणीपर्यंत हरेक खात्यात राबलेली. तिला कारखाना हवा होता. अण्णांच्या मनात मात्र पुण्याचा एक अनुभवी मॅनेजर होता. त्यांची ही बुद्धी समजायची तर आधी त्यांची पद्धत समजली पाहिजे.

अण्णांना केबिन नव्हती. त्यांचं टेबल फाटकाशी, वजनकाट्याच्या शेजारी. आत येणारा ट्रक आणि बाहेर जाणारा माणूस, दोन्ही त्यांच्यासमोरून जात. नोकरीसाठी येणाऱ्याची मुलाखत ते तिथे घेत नसत. त्याला घेऊन ते मागच्या उसात शिरत. ऊस डोक्याच्या वर दोन हात. मधोमध पोचल्यावर म्हणत, "त्या टोकाला पाण्याची मोटार हाय, ती बघून या." आणि स्वतः बांधाबांधाने परत येऊन चहा घेत बसत. बहुतेक उमेदवार मोटार न सापडताच भलत्या बाजूने बाहेर पडत आणि मोटार उत्तम आहे असं सांगत. एकदा मुंबईच्या मोठ्या संस्थेत व्यवस्थापन शिकलेला एक मुलगा आत गेला आणि थोड्याच वेळात उसातून जोरजोरात हाका मारू लागला, "मी चुकलोय! कुणी आहे का?" अण्णांनी त्याला तिथल्या तिथे नेमला. मी कारण विचारलं. म्हणाले, "चुकल्यावर वरडणारा माणूस मिळत न्हाई."

आता फेट्याचं. कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा असला की बैठकीत एकाची विरोधक म्हणून नेमणूक व्हायची. स्टोअरमधला एकजण लग्नांत फेटे बांधतो, तो येऊन त्या माणसाला सगळ्यांदेखत फेटा बांधायचा. यात पाच मिनिटं जात आणि अण्णांना ती चालत. बाकी कसलाही उशीर चालत नसे. फेटा बांधला की त्या माणसाने अण्णांच्या म्हणण्याला जोर लावून विरोध करायचा. सुरुवातीला हे कुणाला जमेना. खरेदी खात्याचा एक सज्जन उभा राहून म्हणाला, "मालक, निर्णय इतका झ्याक हाय की इरोध करताना माझंच मन मला खातंय." अण्णा म्हणाले, "ह्याचा फेटा सोडा." चारचौघांत डोक्यावरचा फेटा उतरणं आमच्याकडे निलंबनापेक्षा वाईट. तेव्हापासून माणसं विरोधाची तयारी करून येऊ लागली. बायका घरातून निघताना बजावू लागल्या, "आवं, आज फेटा हाय, मिशी तरी नीट करा." एकाने तर फेट्यातला फोटो काढून सासुरवाडीला पाठवला. सासऱ्यांना जावयाचा सत्कार झाला असं वाटलं आणि त्यांनी आहेर पाठवला.

अशा एका दिवशी उत्तरेतल्या एका बड्या कंपनीची माणसं पंपांचा करार करायला आली. फाटकाशी अण्णा बसले होते. पाहुण्यांनी त्यांना रखवालदार समजून गाडीची किल्ली दिली. अण्णांनी गाडी सावलीत लावली. आत पाहुण्यांना फेटा बांधलेले पाठवणी खात्याचे एक कारकून दिसले. पाहुण्यांनी तेच मालक धरून त्यांना शाल घातली आणि एकेक अट मांडली. कारकुनांची त्या दिवशीची नेमणूक विरोधाची होती. प्रत्येक अटीला त्यांनी "नाही" म्हटलं. संध्याकाळपर्यंत पाहुण्यांनी निम्म्या अटी सोडल्या. गाडीत बसताना ते अण्णांना म्हणाले, "आपके मालिक बहुत सख्त हैं." अण्णा म्हणाले, "व्हय जी, लय." आजही ती माणसं येणार असली की त्या कारकुनांना फेटा बांधावा लागतो. शाल मात्र त्यांनी घरी नेली आहे.

तर असा माणूस. त्यामुळे मुलीबद्दलचा त्यांचा मुद्दा खोडणं अवघड होतं. ते म्हणत, "मला न्हाई म्हणाया फेटा लागतो. मालकाच्या लेकीला न्हाई म्हणाया काय बांधायचं? भायेरचा मॅनेजर आला तर लोक त्याच्याशी भांडतील तरी." भाचीला कोइमतूरच्या एका पंप कंपनीचं बोलावणं आलेलं होतं. कारखान्याचं ठरवायला अण्णांनी लावलेल्या बैठकीनंतर कळवते, असं तिने त्यांना सांगितलं होतं. माझ्या थोरल्या मेहुणीने अण्णांशी बोलणं टाकलं होतं. ती ताट वाढायची, पण हवं-नको विचारायची नाही.

बैठकीत विरोधक कोण, हा पेच होता. कारखान्यातला जो कुणी बोलेल त्याला पुढे एका ना एका मालकाखाली काम करायचं होतं. म्हणून अण्णांनी मला साताऱ्याहून बोलावलं. मी पाटबंधारे खात्यात आहे. पाण्याची पातळी मोजण्यात माझी सगळी हयात गेली. मी आकडे घेऊन गेलो. फेटा बांधून उभा राहिलो आणि सांगितलं, की भाचीकडे तपासणी आल्यापासून शंभरात सात पंप परत यायचे ते दोनवर आले. भाची समोर बसली होती. माझ्याकडे न बघता ती टेबलाची कड पुसत होती.

अण्णा म्हणाले, "आकडं बरोबर हायती पावणं. पण मी आकड्याचं इचारलंच न्हाई. हिला न्हाई कोण म्हणणार, त्ये सांगा."

मी पुन्हा आकड्यांचा कागद उघडला. फेटा घट्ट झाल्यासारखा वाटू लागला. एवढ्यात मागच्या बाकावरून भट्टीचे फोरमन उठले. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, उठताना आवाज व्हायचाच.

"मी म्हणतो की," ते म्हणाले. "ताई, नवी भट्टी तुमी पश्चिमेच्या अंगाला घेतली, ती चुकली. वारं सगळा धूर आमच्या तोंडावर आणतंय. दोन उन्हाळं झालं."

भाची लाल झाली. "मग तेव्हा का नाही बोललात?"

"तवा फेटा दुसऱ्याच्या डोस्क्यावर हुता."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. अण्णा मुलीकडे बघत नव्हते; ते खिडकीतून वजनकाट्याकडे बघत होते. भाची म्हणाली, "मला अजून ती जागा बरोबरच वाटते. पण उद्या मी सकाळपासून तिथं उभी राहते. दिवसभर. धूर लागला तर धुराड्याचं तोंड फिरवू."

"दिवसभर नगं ताई," हवालदार म्हणाले, "तासात कळंल."

आता मात्र सगळे हसले, भाचीही. अण्णा खिडकीतून वळले. "पुण्याच्या सायबास्नी मी सोता फोन करतो," म्हणाले. "माफी मागाया पायजे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पावणं, सोडा आता फेटा. तुमच्यानं काय झालं न्हाई." हे खरं होतं.

भाचीने कोइमतूरला नकार कळवला आणि धुराडंही फिरवलं. बैठकीच्या रात्रीच मेहुणीने अण्णांना भाकरी हवी का विचारलं.

अण्णा आता कारखान्यात जात नाहीत, फाटकाशीही बसत नाहीत. म्हणतात, "मी दारात बसलो तर लोक आधी माझ्यापाशी थांबत्यात." घरी असतात. सकाळी मेहुणीला सांगतात, "आज दोडक्याची भाजी. कुणाचा इरोध?" ती म्हणते, "करा की. चिरा पण तुमीच." एवढ्यावर बैठक संपते. सुट्टीच्या दिवशी मी गेलो की त्यांना बरं वाटतं असं मेहुणी सांगते, म्हणून मी महिन्यातून एकदा तरी जातो.

मागच्या खेपेला गेलो तर ते परसात होते. हातात टिकाव, समोर खड्डा, आणि पिशवीत वीतभर उंचीचं रोप.

"चिंच हाय," म्हणाले. "बियाची. मीच रुजवली. इथं लावतो. बोला, करा इरोध."

बियापासून वाढलेल्या चिंचेला फळ धरायला किती वर्षं लागतात ते मला माहीत आहे. त्यांचं वयही माहीत आहे. माझ्या डोक्यात बेरीज आपोआप होते. त्या वेळीही ती झाली. ते टिकाव टेकून माझ्याकडे बघत उभे राहिले.

"भिंत जवळ आहे," मी म्हणालो. "मुळं भिंतीच्या पायात शिरतील."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं. "हे बराबर हाय. आनि?"

"आणि काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

मग चार पावलं सरकून त्यांनी नवीन जागेवर टिकाव मारला. माती भुसभुशीत होती, खड्डा लवकर झाला. मी रोप सरळ धरलं आणि ते हाताने माती लोटत राहिले.